जागेवाल्याची विडी

उंडीवाडीच्या कठड्यावर बसून विड्या ओढणाऱ्या पोरांकडे बघून शिवराम भाटकरांना बरीच वर्षं त्रास व्हायचा, पण तो फुकटचा होता. १९८५ साली सरकारने त्या त्रासाला अनुदान द्यायचं ठरवलं आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला.

ते आंतरराष्ट्रीय युवक वर्ष होतं. वर्ष युवकांचं म्हटल्यावर युवकांसाठी काहीतरी करणं भागच होतं, आणि वर कुठेतरी असं ठरलं की शहरातल्या तरुण पोरांना तंबाखूपासून लांब ठेवायचं. त्यासाठी रत्नागिरीत एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर 'युवक आरोग्य कार्यालय' उघडलं. जे नोंदलेलं मंडळ तंबाखूविरोधी कार्यक्रम करील त्याला पैसे मिळणार होते. मात्र सगळं मार्चअखेरच्या आत आटपायला हवं होतं. असल्या घाईत काय काय होतं हे बंदरावरच्या कचेरीत हेडक्लार्क असलेल्या शिवरामांना ठाऊक असायला हवं होतं. पण माणूस शहाणा असतो तो आपल्या कचेरीत. दुसऱ्या कचेरीची पायरी चढला की त्याचा अर्जदार होतो.

शिवरामांनी हे लचांड गळ्यात घेतलं त्याचं कारण घरात होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा बाळा त्या वर्षी दहावीला होता. परीक्षा संपली की पोरगा मोकळा होणार, आणि उंडीवाडीत मोकळं पोर कठड्यावर जाऊन बसतं. शिवराम स्वतः कधी विडीच्या वाटेला गेले नव्हते. त्यांनी एका संध्याकाळी बायकोला, दमयंतीला, सांगून टाकलं, "आपल्या बाळाच्या तोंडाला विडी लागू देणार नाही. माझा शब्द आहे."

"शब्द कसले देताय? त्याला बाजारात पाठवत जा जरा," दमयंती म्हणाली. पण आपल्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा कसला तरी शब्द दिलाय, हे तिच्या लक्षात आलं होतं. कारण कचेरीत साहेब बोलायचा आणि घरी ती बोलायची, शिवरामांना शब्द द्यायला जागाच उरायची नाही.

तर शिवरामांनी 'उंडीवाडी मित्र मंडळा'चे चिटणीस या नात्याने अर्ज केला. हे मंडळ गणपतीत जागं व्हायचं आणि अनंत चतुर्दशीला झोपायचं, त्याला फेब्रुवारीत उठवलेलं कुणालाच आवडलं नाही. युवक आरोग्य कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज उलटासुलटा करून पाहिला आणि दोन दाखले मागितले. पहिला दाखला, वाडीतले तरुण तंबाखूच्या आहारी गेलेले आहेत असा. कारण व्यसनच नसेल तर प्रतिबंध कशाचा करणार? आणि दुसरा दाखला, मंडळाचे सगळे तरुण सभासद निर्व्यसनी आहेत असा. कारण व्यसनी लोकांच्या हातात व्यसनमुक्तीचे पैसे कसे देणार?

"अहो, पण वाडीत पोरं तीच आणि मंडळातही तीच," शिवराम म्हणाले.

"म्हणूनच दोन वेगळे कागद ठेवलेत," कारकून म्हणाला. त्याला यात काही अडचण दिसत नव्हती.

मग शिवराम दारोदार फिरू लागले. 'तुमचा मुलगा विडी ओढतो असं लिहून द्या' हे वाक्य उंबऱ्यावर उभं राहून नीटपणे बोलायची काही रीतच नाही, हे त्यांना तिसऱ्या घरी कळलं. ज्या घरातल्या पोराच्या खिशाला विडीच्या ठिणग्यांनी भोकं पडली होती त्याच्या आईने शिवरामांना अंगणातून बाहेर काढताना विचारलं, "आमच्या पोराचा लगीन मोडायचा हाय काय तुमाला?" त्यानंतर आठवडाभर शिवराम दिसले की बायका पदर सावरून घरात जायच्या. ज्या माणसाने तीस वर्षं खाली मान घालून नोकरी केली त्याला असं वागवावं याचं त्यांना फार वाईट वाटलं. शेवटी वाडीतल्या म्हाताऱ्यांनीच दया येऊन व्यसनी तरुणांच्या कागदावर अंगठे उठवले. त्यात वाडीचे मानकरी रावजी पहिले. "आमी विडी वढतो ता काय चोरून नाय," ते म्हणाले. कारकुनाने वय विचारलं नाही, कारण त्या कागदावर वयाचा रकानाच नव्हता. निर्व्यसनी सभासदांच्या कागदावर मात्र पोरांनी स्वतःच आनंदाने सह्या केल्या.

शेजारी दादू बंदरकर बोटीवरून रिटायर होऊन आला होता. त्याला प्रत्येक गोष्टीचा परदेशात अनुभव होता. तो लुंगी वर करून ओटीवर यायचा आणि सांगायचा, "शिवरामभाऊ, हॅम्बर्गला असा कार्यक्रम करतात तेव्हा पयला बोर्ड मोठा लावतात. मानूस बोर्ड बघून येतो." म्हणून मोठा कापडी फलक रंगवून घ्यायचं ठरलं. रंगाऱ्याचा हात चांगला होता. फक्त आजवर त्याने भिंतींवर विडीच्या जाहिराती सोडून दुसरं काही रंगवलेलं नव्हतं. त्याने अक्षरं काढली ती कोपऱ्यात, 'तंबाखू टाळा', आणि मधोमध अशी काही टपोरी, लाल दोऱ्याची, टोकाला निखारा फुललेली विडी काढली की फलक नाक्यावर लागल्यावर येणारा-जाणारा माणूस थबकून खिसे चाचपायचा. नाक्यावरच्या पानवाल्याने शिवरामांना हाक मारून फुकट सोडा पाजला आणि दुसरा फलक कधी लावताय म्हणून आपुलकीने चौकशी केली.

याच सुमारास शपथेचा छापील मजकूर आला. त्यात विडी, सिगारेट, चघळायचा तंबाखू यांच्या जोडीला 'मशेरी' असा शब्द होता. तो वाचून दाखवताच महिला मंडळाच्या गोदूबाई उठून उभ्या राहिल्या. गोदूबाईंच्या तोंडात दोन दात होते आणि त्या दोन्हींना रोज सकाळी अर्धा तास मशेरी लागायची.

"मशेरी काय तंबाकू हाय?" त्यांनी विचारलं.

"तंबाखूच भाजतात ना गोदूबाई मशेरीसाठी?"

"भाजल्यावर तंबाकू कुठं ऱ्हायला? ता दातांचा औशध. माझे दात बगा आनि मंग बोला." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. एवढ्या जवळून पुरावा बघितल्यावर शिवरामांनी शपथेतली ती ओळ पेन्सिलीने हळूच कंसात टाकली.

इथपर्यंत जे झालं ते कुणाच्याही कार्यक्रमात होतं. खरी अडचण आली ती मांडवाचे वासे पुरायला मांडववाला धोंडू मैदानावर आला तेव्हा. वाडीला मैदान एकच, समुद्राच्या अंगाला. त्याच्या कडेला उंडीचं जुनं झाड, आणि झाडाच्या बुडाशी एक चपटा दगड. तो जागेवाला. म्हणजे त्या जागेचा राखणदार. वाडीचं सगळं त्याच्या भरवशावर. धोंडूने पहार खाली ठेवली, कानशिलावरची विडी काढून परत कानशिलावर ठेवली आणि विचारलं, "जागेवाल्याला इचारलात?"

शिवरामांना हे आठवायलाच हवं होतं. त्या मैदानावर नाटक असो, लग्न असो की क्रिकेट, आधी जागेवाल्याला मान द्यावा लागतो: नारळ, पानसुपारी आणि विडी. विडी नुसती ठेवून चालत नाही, पेटलेली लागते. आणि काडी लावूनही चालत नाही, तरुण पोराने आपल्या तोंडाने ओढून पेटवलेली लागते. का, तर वाडवडील सांगत आले आहेत की हा जागेवाला जिवंतपणी किनाऱ्यावर राखणीला असायचा आणि समुद्राच्या वाऱ्यात त्याची काडी काही पेटायची नाही. एकदा एक तरणा पोरगा तिथून चालला होता. त्याने ओंजळीत विडी धरली, ओढून पेटवली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्याच वर्षी त्या पोराचं तारू वादळात सापडलं आणि सुखरूप परत आलं. तेव्हापासून हा मान चालत आला होता. दर वर्षी एका घराचा. शिमगा सरला की नवं घर. मान घराकडे आला की घरातल्या तरण्या पोराने पहिला झुरका घ्यायचा. पोराला ठसका लागायचा, सगळे हसायचे, आई कौतुकाने बघायची, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगा कठड्यावर. वाडीतला एकूण एक माणूस विडी ओढायला शिकला तो असा, देवाच्या समोर.

शिवरामांच्या घरी मागे एकदा मान आला होता, तेव्हा ते पोटात दुखतंय म्हणून घरात लपले होते आणि चुलतभावाने निभावून नेलं होतं.

"ह्या सालचा मान कुणाकडं?" त्यांनी उगीच विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"तुमच्याकडंच की," धोंडू म्हणाला. "बाळा हाय ना घरात?"

म्हणजे सरकारी पैशाने, सरकारी साहेबासमोर, 'तंबाखू टाळा' अशा फलकाखाली कार्यक्रमाची सुरुवात व्हायची ती शिवराम भाटकरांच्या दहावीतल्या मुलाने विडी ओढून. शिवराम तिथेच वाळूत बसले.

घरी आल्यावर त्यांनी दमयंतीला सांगितलं. तीही घाबरली, पण दोन्हीकडून. "विडी नको म्हणजे नकोच," ती म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "पण त्याचा रिझल्ट लागायचाय अजून. जागेवाल्याला दुखवायचं ते आत्ताच कशाला?" बाळा आतल्या खोलीत पुस्तक उघडं ठेवून हे सगळं ऐकत होता. त्याचं मत त्याला कुणी विचारलं नाही.

शिवराम रावजींकडे गेले. रावजी अंगणात जाळ्याचं काम बघत बसले होते.

"रावजीआबा, उदबत्तीवर पेटवून ठेवली तर?"

"उदबत्ती देवाला. जागेवाल्याला विडी."

"बरं, विडीत तंबाखूऐवजी ओवा भरला तर?"

रावजींनी त्यांच्याकडे असं बघितलं की शिवरामांना आपलं वय पाच वर्षांचं झाल्यासारखं वाटलं. "ववा? त्याला काय खोकला झालाय?"

दादूने हॅम्बर्गची युक्ती काढली. माणसाने ओढायलाच हवी ना? मग शिमग्याची पिचकारी घ्या, तिच्या तोंडात विडी बसवा आणि दांडा मागे ओढा. झुरका पिचकारीने घेतला, पोरगा सुटला. शिवरामांनी मागच्या दारी ही युक्ती करून बघितली. विडी पेटली खरी, पण दांडा पुढे लोटल्यावर सगळा धूर आणि शिमग्याचा उरलेला हिरवा रंग मिळून शिवरामांच्या तोंडावर आला. दोन दिवस ते हिरव्या कानांनी कचेरीत गेले. साहेबाने विचारलं तेव्हा 'समाजकार्य' एवढंच उत्तर त्यांनी दिलं.

रावजींनी पिचकारीची हकिकत शांतपणे ऐकून घेतली. "शिवराम," ते म्हणाले, "तुझा म्हणणा मला कळता. पन मान हाय तो हाय. तू पोराला पाठव नायतर नको पाठवू. मानाशिवाय मैदानात आमी कोन पाय ठेवणार नाय. तुझा सायब येल, त्याला तू आनि दादू बगा." रावजी रागावले नव्हते, आणि शिवरामांना त्याचंच जास्त वाईट वाटलं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी मांडव उभा होता. धोंडूने तो मैदानाच्या बाहेरून, रस्त्याच्या कडेला वासे रोवून, नुसतं छत आत घेऊन कसाबसा बांधला होता, त्यामुळे व्यासपीठ एका अंगाला कलतं होतं. खुर्च्या रिकाम्या. वाडी मात्र सगळी आली होती. कुंपणाच्या दगडी गडग्यावर, कठड्यावर, होडीच्या काठावर, झाडांवर, जिथून मैदानाला पाय लागणार नाही अशा प्रत्येक जागी माणसं बसली होती. लाऊडस्पीकरवाला ताराही रस्त्यावरूनच फेकत होता.

तेवढ्यात जीप आली आणि त्यातून वानखडे साहेब उतरले. साहेब म्हणजे अकोल्याकडचा पंचविशीचा मुलगा, पहिलीच नेमणूक. मासे खात नव्हता म्हणून रत्नागिरीत तो नुसता दहीभातावर जगत होता आणि त्याच्याबद्दल सगळ्यांना दया होती. आयुष्यातलं पहिलं भाषण करायचं म्हणून त्याच्या हातातला कागद आधीच ओला झाला होता. त्याने रिकाम्या खुर्च्या बघितल्या, मग झाडांवरची माणसं बघितली. "भाटकर, हे काय होऊन राहिलं?" त्याने विचारलं.

"बसताहेत, साहेब. बसतील," शिवराम म्हणाले.

रावजी उंडीच्या बुडाशी आले. दगडापुढे नारळ ठेवला, विडा ठेवला, विडीचं बंडल ठेवलं, आणि मग मैदानाच्या कडेकडेने व्यासपीठापाशी येऊन उभे राहिले.

"शिवराम, पोराला पाठव."

बाळा गडग्यापाशी आईच्या शेजारी उभा होता. नवा शर्ट घातला होता, चेहरा पांढरा पडला होता. त्याने वडिलांकडे बघितलं. शिवरामांनी सगळ्या वाडीकडे बघितलं. ज्या लोकांनी आपल्या लग्नात पंक्ती वाढल्या, आईच्या वेळी खांदा दिला, तेच लोक. त्यांच्या विरुद्ध जायची सवय शिवरामांना नव्हती. त्यांचा आवाज चिरकला, पण निघाला.

"नाही पाठवणार, आबा. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"हिला."

सगळे दमयंतीकडे बघू लागले. दमयंती सगळ्यांसमोर नवऱ्याबद्दल चांगलं बोलणाऱ्यातली नव्हती. पण तिने बाळाचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "दिलाय त्यांनी."

"मंग मान कोन देनार?"

"मी देतो," शिवराम म्हणाले. "मी ओढतो विडी. घर माझंच आहे."

यावर गडग्यावरून पहिल्यांदा हसू आलं. रावजी हसले नाहीत. त्यांनी शिवरामांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, चष्मा, टक्कल, कानामागे अजून राहिलेला हिरवा रंग. "तरना पोर लागता रे," ते हळुवारपणे म्हणाले. शिवरामांना हे वर्मी लागलं. तरुण नाही म्हणून आजवर त्यांना कुणी कशातून वगळलं नव्हतं, कारण कुणी कशात घेतलंच नव्हतं. ते काकुळतीला येऊन काहीतरी बोलणार, इतक्यात त्यांच्या ध्यानात आलं की व्यासपीठावरची खुर्ची रिकामी आहे.

"साहेब कुठे गेले?"

कुणीच बघितलं नव्हतं. सगळी वाडी भांडणात गुंतलेली. शिवराम धावत उंडीच्या झाडामागे गेले आणि थबकले. वानखडे साहेब बुंध्याला टेकून, डोळे मिटून, भाषणाचा कागद काखेत धरून सिगारेट ओढत होते. भाषणाची धास्ती, रिकाम्या खुर्च्या आणि महिनाभराचा दहीभात, सगळं त्या झुरक्यात होतं.

"साहेब!" शिवराम ओरडले.

ओरडायला नको होतं. तंबाखूविरोधी कार्यक्रमाचा प्रमुख पाहुणा सिगारेट ओढताना सापडला तर ती गोष्ट दाबायची असते, एवढं हेडक्लार्कला कळायला हवं. पण आवाज गेला तो गेला, आणि वाडीतल्या सगळ्या माना वळल्या. साहेब दचकले. हातातली सिगारेट कुठे टाकावी हे सुचेना. पायाशी वाळलेला पाला होता, खिशात कागद होते. बुंध्याच्या कडेला एक चपटा दगड दिसला. त्यांनी घाईघाईने सिगारेट त्या दगडावर ठेवली, आणि सगळे बघताहेत म्हटल्यावर काय करावं ते न कळून दोन्ही हात जोडले.

वारा नेमका त्याच वेळी पडला होता. दगडावरून धूर सरळ वर गेला.

रावजी काठी टेकत जवळ आले. त्यांनी धुराकडे बघितलं, मग साहेबाच्या जोडलेल्या हातांकडे.

"तुमी वढलात?"

"चूक झाली, आजोबा," साहेब म्हणाले. "माफ करा. मी लिहून देतो."

"लिवून नको. तोंडानंच पेटवलात ना?"

"हो."

"वय काय तुमचा?"

"पंचवीस."

"लगीन?"

"अजून नाही."

रावजी मागे वळले. त्यांनी काठी बगलेत धरली, हात जोडले आणि सत्तरी उलटलेल्या छातीतून आवाज काढला.

"बा जागेवाल्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" झाडांवरून, गडग्यावरून, होडीतून वाडी गरजली.

"ह्या लेकरू लांबून आलाय. आमचा नाय, सरकारचा हाय. कुनी सांगितला नसताना त्यानं तुझा मान दिलान. विडी नाय, शिगरेट दिलान. ती ग्वाड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"शिवरामाचा पोर मानाला आला नाय, त्याचा राग मनात धरू नको. त्याचा रिझल्ट लागायचा हाय, त्याला पास कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात दमयंतीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"आनि ह्या सालापासून हा मान सरकारनं घेतलान, तो सरकारकडं ऱ्हाऊ दे. आमची पोरा मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात या वेळी शिवरामांचाही आवाज होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला. आपलं पोर सुटलं, आणि आपल्याला कुणी वाडीबाहेरही काढलं नाही, या दोन गोष्टी एकाच वाक्यात होतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग मैदान भरलं. खुर्च्या पुरल्या नाहीत. साहेबांना आधी रावजींनी शाल घातली, मग महिला मंडळाने, मग कुणीही. साहेब भाषणाला उभे राहिले तेव्हा काखेतला कागद घामाने विरघळला होता. ते एवढंच बोलू शकले, "मित्रांनो, मला पहिली सिगारेट कॉलेजात एका मित्राने दिली. नको म्हणायची लाज वाटली म्हणून मी घेतली. तुम्हाला कुणी दिली तर नको म्हणा. लाज वाटली तरी म्हणा." एवढं बोलून ते खाली बसले. रत्नागिरीत यापेक्षा लांब भाषणं पुष्कळ झाली असतील. शिवरामांना मात्र हेच आवडलं. पोरांनी हात पुढे करून शपथ घेतली. गोदूबाईंनीही घेतली, कारण कंसातली ओळ वाचली गेली नाही. आभाराच्या वेळी चिटणीसांचं नाव घ्यायचं दादू विसरला आणि हॅम्बर्गचे आभार मानून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवराम कचेरीला निघाले तेव्हा कठड्यावर पोरं होती आणि कठड्यावरून धूर येत होता. बाळा तिथे नव्हता. तो बाजारात गेला होता, त्याच्या आईने पाठवला होता.

पैसे हातात पडायला एक अहवाल द्यायचा राहिला होता. त्यात एकच अवघड प्रश्न होता: कार्यक्रमामुळे तंबाखू सोडलेल्या तरुणांची नावं. शिवरामांनी खूप विचार केला. बाळाने सोडला म्हणावं तर त्याने धरलाच नव्हता. खोटं लिहायची कचेरीत सवय असली तरी घरच्या कामात त्यांना ते जमेना. तो रकाना कोरा ठेवून ते बर्फाच्या कारखान्याची माडी चढले.

वानखडे साहेब बडीशेप चघळत बसले होते. टेबलावर बडीशेपेची पुडी, ड्रॉवरमध्ये बडीशेपेची पुडी. चेहरा ओढलेला, डोळे तारवटलेले.

"भाटकर, काय सांगू," ते म्हणाले, "सिगारेट तोंडाशी नेली की कानात ते व्हय म्हाराजा सुरू होतं. परवा खोलीवर एकटाच होतो. शिलगावली, आणि माझा मी चपला काढून उभा राहिलो. फेकून दिली. त्यानंतर नाही." त्यांनी अहवाल ओढून घेतला, कोरा रकाना बघितला, थोडा वेळ पेन हातात फिरवलं आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं. वर मंजुरीची सहीही त्यांचीच होती. कारकून कुरकुरला की लाभार्थी आणि मंजुरी देणारा एकच कसा. साहेबांनी त्याला सांगितलं, "म्हणूनच दोन वेगळे रकाने ठेवलेत."

पुढच्या वर्षी बाळा कॉलेजात गेला होता. शिमगा सरला आणि मैदानावर कुणाचं तरी लग्न ठरलं. धोंडू वासे घेऊन आला आणि थांबला. मान सरकारचा. रावजींनी शिवरामांना माडीवर पाठवलं. माडीला कुलूप होतं. युवक वर्ष संपलं होतं, योजना बंद झाली होती आणि वानखडे साहेबांची बदली परत अकोल्याला झाली होती, दहीभातासकट. शिवरामांनी येऊन सांगितलं. कुणी म्हणालं, मग लावा आपल्याच एखाद्या पोराला. रावजी चिडले. "मान सरकारला दिलाय. सरकारचा मान आमी कसा घेनार? उद्या इचारला तर? सरकारनं परत दिल्याचा कागद आन, मंग बगू. तवर नारळ-पानावर भागवू."

तो कागद कुठून आणायचा हे रत्नागिरीत शिवरामांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि शिवरामांनी तो आणला नाही. 'अर्ज केलाय, वर गेलाय,' एवढंच ते दर वर्षी सांगत राहिले. हे काम त्यांना फार चांगलं जमत होतं. नारळ फुटत राहिले, विडे ठेवले जात राहिले, लग्नं आणि नाटकं होत राहिली, आणि वाडीतल्या एकाही पोराला त्या दगडापुढे ठसका लागला नाही. उंडीवाडीत विडी पुरती सुटली ती एकट्या जागेवाल्याची.

संध्याकाळी कचेरीतून येताना शिवराम उंडीखाली थांबायचे. आजूबाजूला कुणी नाही असं बघून खिशातून कागदाची पुडी काढायचे आणि दगडावर चिमूटभर बडीशेप ठेवायचे. तंबाखू सोडल्यावर सुरुवातीला फार जड जातं, असं साहेबांनी सांगितलं होतं.